शाळेत शिकलेले वैद्यकीय महाविद्यालयात किती जमा धरतात?



दहावीच्या एका पालकसभेनंतर एका गृहस्थांनी आम्हांस व्हरांड्यात थांबविले व ते म्हणाले, "सर, माझ्या धाकट्या भावाची मुलगी न्यू जर्सीत हायस्कुलात शिकते. तिने शाळेतच जीवशास्त्राची कसलीशी वरच्या दर्जाची परीक्षा दिली आणि आता कॉलेजात तिला तो विषय पुन्हा घ्यावा लागणार नाही, असे भाऊ सांगतो. तिलाही डॉक्टर व्हायचे आहे आणि आमच्या मुलीलाही. आपल्याकडे अशी काही सोय नाही का? मुलगी कष्टाळू आहे. शाळेतच जास्तीचा अभ्यास करून घेतला, तर पुढचे एखादे वर्ष तरी वाचेल."

"आपल्याकडे अशी सूट नाही," एवढेच उत्तर आम्ही त्या वेळी दिले. ते खोटे नव्हते. परंतु घरी जाताना आमच्या ध्यानात आले की ते अर्धेच उत्तर होते, आणि अर्ध्या उत्तराने माणूस पुष्कळदा चुकीच्या वाटेस लागतो. त्या गृहस्थांचा प्रश्न आमच्या धायरीतील व सिंहगड रस्त्यावरील कित्येक घरांतला आहे. एक भाऊ येथे, दुसरा अमेरिकेत. दोघांच्या मुलांच्या शिक्षणाची तुलना दर रविवारी फोनवर होते, आणि तिकडची रीत इकडे लागू पडेल असे सहजच वाटून जाते. म्हणून ह्या अंकात त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तिकडची रीत पाहू. अमेरिकेत बारावी होऊन कोणी थेट वैद्यकीय महाविद्यालयात जात नाही. आधी चार वर्षांचे साधे कॉलेज करावयाचे, पदवी घ्यावयाची, आणि मग वैद्यकीय शिक्षणाची आणखी चार वर्षे. पहिल्या चार वर्षांत वैद्यकास लागणारे विषय पुरे करावे लागतात: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, बहुधा जीवरसायन आणि इंग्रजी. ह्या तयारीस तिकडे 'प्री-मेड' असे म्हणतात. प्री-मेड ही पदवी नव्हे. इतिहासाचा विद्यार्थीही हे विषय पुरे करून वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करू शकतो.

आता ती वरच्या दर्जाची परीक्षा. तिचे नाव ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, बोलण्यात 'एपी'. कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ती घेत आली आहे. हायस्कुलात असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एखादा विषय शिकावयाचा, मे महिन्यात परीक्षा द्यावयाची, आणि १ ते ५ ह्यांपैकी एक श्रेणी मिळवावयाची. ४ किंवा ५ श्रेणी मिळाली, कोठे कोठे ३ मिळाली तरी, कॉलेज त्या विषयाचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा करते. भाऊसाहेबांच्या पुतणीस मिळालेली सूट ती हीच.

परंतु ह्यात एक मेख आहे, आणि ती त्या न्यू जर्सीच्या घरीही ठाऊक असेल की नाही ह्याची आम्हांस शंका आहे. सूट देते ते साधे कॉलेज. पुढचे वैद्यकीय महाविद्यालय ती मानीलच असे नाही. काही वैद्यकीय महाविद्यालये एपीचे श्रेयांक मान्य करतात; काही म्हणतात की प्राथमिक जीवशास्त्र सोडले असेल तर त्याच विषयाचा वरच्या पायरीचा अभ्यास कॉलेजात करून दाखवा; काही तर ते मुळीच धरीत नाहीत. प्रत्येकाचा नियम निराळा. शिवाय अर्जात कॉलेजातील गुणांची जी सरासरी पाहतात, तीत एपीच्या श्रेयांकास गुण नसतात. म्हणजे ज्या सोप्या विषयात उत्तम गुण मिळाले असते तो विषय सोडून मुलगी एकदम सेंद्रिय रसायनाच्या वर्गात जाऊन बसते. त्यानंतर एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा उभीच असते, आणि तीत जीवशास्त्र व रसायन पायापासून विचारतात. तेव्हा तिकडची जाणती मंडळी एपीचा उपयोग वर्ष वाचविण्याकडे फारसा करीत नाहीत. जी फट मोकळी होते तीत प्रयोगशाळेतील काम किंवा एखादा वरचा विषय घालतात.

आता आपल्याकडे वळू. येथे आम्हांस थोडे मागे जावे लागेल, कारण मागे गेल्याशिवाय आपल्या अकरावी-बारावीचे खरे स्वरूप दिसत नाही.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी कोणत्याही कॉलेजची पदवी नव्हती, आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्या काळी अमेरिकेतील पुष्कळशा वैद्यकीय संस्था विज्ञानाच्या पूर्वशिक्षणाचा आग्रह धरीत नसत. १८९३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सने आधी पदवी हवी असा दंडक घातला. पुढे १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर ह्यांनी अमेरिका व कॅनडा येथील वैद्यकीय शाळा स्वतः फिरून पाहिल्या व आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. ज्यास रसायन, भौतिक व जीवशास्त्र येत नाही त्यास वैद्यक शिकविणे म्हणजे पायावाचून भिंत बांधणे होय, असा त्या अहवालाचा रोख होता. प्री-मेडचा जन्म अशा विचारातून झाला.

आपल्या इलाख्यातही तीच गोष्ट निराळ्या मार्गाने घडली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. मुंबई विद्यापीठ त्याच्या मागून, १८५७ मध्ये आले. पुण्यास १८७८ मध्ये भैरामजी जीजीभॉय ह्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा निघाली. तीत मॅट्रिक झालेला मुलगा शिरत असे व पुढच्या काळात एलसीपीएस ही सनद घेऊन बाहेर पडत असे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावचे जे डॉक्टर, ते बहुधा असे सनदी डॉक्टर असत. १९४६ मध्ये ह्या शाळेचे महाविद्यालय झाले. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला व देशात डॉक्टरांचा एकच दर्जा असावा, सनदेचा आखूड अभ्यासक्रम बंद व्हावा, असे त्याने सांगितले. तेव्हापासून पुण्याच्या मुलासही एमबीबीएस व्हावयाचे तर मॅट्रिकनंतर विज्ञानाच्या कॉलेजात दोन वर्षे काढून इंटर सायन्स व्हावे लागे. गणिताकडे जाणाऱ्याचा 'ए' ग्रुप आणि जीवशास्त्राकडे जाणाऱ्याचा 'बी' ग्रुप. हे शब्द घराघरांत इतके मुरले आहेत की ज्यांनी इंटर सायन्सचा वर्ग कधी पाहिला नाही ते पालकही आज आमच्याकडे येऊन "मुलाला बी ग्रुप द्यायचा आहे" असेच म्हणतात.

१९७० च्या दशकात महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन असा नवा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि इंटर सायन्सची जी दोन वर्षे पूर्वी कॉलेजात होती ती अकरावी-बारावी होऊन शाळेच्या अंगणात येऊन बसली. आमच्या उत्तराचे मर्म येथे आहे. अमेरिकेत ज्यास प्री-मेड म्हणतात ते आपल्याकडे निराळे राहिलेलेच नाही. ते अकरावी व बारावी हेच आहे. भाऊसाहेबांची पुतणी चार वर्षांत जे करणार ते त्यांच्या मुलीस दोन वर्षांत, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी करावयाचे आहे. मग सूट मागावयाची ती कशातून? ज्यातून सूट हवी तेच तर ती शिकत आहे. त्यापुढे एमबीबीएसची साडेचार वर्षे व एक वर्षाची इंटर्नशिप आहे. शाळेत कितीही अधिक शिकले तरी त्यातला एक महिनाही कमी होत नाही, आणि अन्य शाखांतील पदवीधरास काही अभ्यासक्रमांत थेट दुसऱ्या वर्षात जागा मिळते तशी येथे कोणासही मिळत नाही.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात शालेय वर्षांनाही श्रेयांक देण्याची कल्पना आहे, व वर्तमानपत्रांतून ते वाचून काही पालकांनी आमच्याकडे चौकशी केली. त्या श्रेयांकांनी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातील शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा जीवरसायन ह्यांपैकी काहीही माफ होत नाही, एवढे सांगून तो विषय आम्ही येथेच सोडतो.

तर मग आपल्याकडे शाळेतले काय जमा धरतात?

पहिली गोष्ट विषयांची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञान, आणि इंग्रजी हे विषय बारावीस असले पाहिजेत. गणित नसले तरी वैद्यकीय प्रवेशास बाध येत नाही. त्यामुळे गणित नावडते म्हणून 'बी' ग्रुप घेणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. आमचे मत ह्याबाबतीत थोडे निराळे आहे, ते पुढे सांगू. उलट ज्याने जीवशास्त्र सोडून गणित घेतले व मागाहून ज्याचे मन फिरले, त्याची वाट पूर्वी बंद होत असे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केले की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणारासही नीट परीक्षेस बसता येईल. वर्ष जाते खरे, पण दार उघडे असते. ही सोय फार थोड्या घरांस ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. खुल्या वर्गातील विद्यार्थ्यास भौतिक, रसायन व जीवशास्त्र ह्या तिहींत मिळून शेकडा ५० गुण हवेत. आपल्या मंडळात प्रत्येक विषय १०० गुणांचा, म्हणजे ३०० पैकी १५०. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांस शेकडा ४०, म्हणजे १२०. शिवाय इंग्रजीसुद्धा प्रत्येक विषयात उत्तीर्ण झाले पाहिजे. येथे पालकांच्या मनात मोठा घोटाळा असतो. एकेकाळी, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत, महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेश बारावीच्याच गुणांवर होत असे, आणि अर्ध्या गुणासाठी फेरतपासणीचे अर्ज जात असत. मग राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये देशभर एकच नीट परीक्षा झाली, न्यायालयाने ती रद्द ठरविली, २०१६ मध्ये ती पुन्हा आली, आणि २०१७ पासून राज्यातील सर्व जागा तिच्याच गुणांवर भरल्या जातात. २०२० च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या संस्थांसही ती बंधनकारक ठरली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाकडे ज्या कुटुंबांचे डोळे लागलेले असतात त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. आता बारावीस २९० गुण मिळविणारी व १६० मिळविणारी ह्या दोघी वैद्यकीय प्रवेशाच्या दारात सारख्याच उभ्या राहतात. नीटमध्ये दोघींचे गुण सारखे झाले तरी आधी जीवशास्त्राचे, मग रसायनाचे, मग भौतिकाचे नीटमधलेच गुण पाहतात. बारावीची गुणपत्रिका उघडीत नाहीत.

नीट ही ७२० गुणांची परीक्षा. प्रश्न १८०: भौतिकाचे ४५, रसायनाचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. अभ्यासक्रम अकरावी व बारावी दोहोंचा.

आणि येथे आम्हांस सर्वांत अधिक सांगावयाचे आहे. अकरावीची परीक्षा आपल्याकडे ज्या त्या कॉलेजची स्वतःची असते. तिचे गुण पुढे कोणी विचारीत नाही. म्हणून आमच्या मुलांत अकरावी हे विसाव्याचे वर्ष ठरले आहे. दहावीचा शीण काढावयाचा, नवे कॉलेज, नवे मित्र, आणि बारावीत पाहू. परंतु नीटच्या प्रश्नपत्रिकेत जवळजवळ निम्मा भाग ह्याच वर्षाचा असतो, आणि भौतिकशास्त्रात तर पुढचे सारे अकरावीच्या गतिशास्त्रावर उभे आहे. ज्या वर्षाचे गुण कोठेच जमा होत नाहीत, त्याच वर्षाचे शिक्षण सर्वांत अधिक जमा होते. न्यू जर्सीच्या मुलीने एपीच्या वर्गात जे मिळविले त्याच्या तोडीचे आपल्याकडे काही असेल तर ते हे.

आणखी एक बारकावा सांगतो. राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांत रुधिराभिसरण, श्वसन व चेतासंस्था हे पाठ अकरावीत आहेत. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांत ते बारावीत आहेत, आणि पोषण, उत्सर्जन व अस्थिसंस्था अकरावीत. दोन वर्षे मिळून विषय बहुतेक तेच; परंतु खाजगी वर्ग राष्ट्रीय पुस्तकाच्या क्रमाने चालतो व कॉलेज मंडळाच्या क्रमाने. त्यामुळे सकाळी हृदय व दुपारी मूत्रपिंड असा प्रकार होऊन मूल गोंधळते. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून वर्षाच्या आरंभी एक तक्ता करावा. आमच्या एका विद्यार्थिनीने असा तक्ता वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटविला होता, तो आम्ही पुढच्या वर्गांस अजून दाखवितो.

तिसरी गोष्ट स्थळाची, आणि ती फार महत्त्वाची. शासकीय महाविद्यालयांतील शेकडा १५ जागा अखिल भारतीय यादीतून व शेकडा ८५ राज्याच्या यादीतून भरतात. राज्याच्या जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास हवा, तसेच दहावी व बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेले असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. काही सरकारी नोकरांच्या मुलांस ह्यात अपवाद आहेत. राज्यांतर्गत जो विभागवार ७०:३० चा नियम होता तो २०२० मध्ये रद्द झाला. वडील भावंडांच्या आठवणींवर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आमचा एक माजी विद्यार्थी दहावीस उत्तम गुण मिळवून परप्रांतातील शिकवणीसाठी गेला व तेथल्याच एका शाळेत त्याचे नाव घालण्यात आले. बारावीचे प्रमाणपत्र त्या राज्याचे. नीटमध्ये त्यास जे गुण पडले त्यांवर पुण्यामुंबईकडचे एखादे शासकीय महाविद्यालय मिळण्याची आशा होती. परंतु राज्याच्या यादीत त्याचे नावच आले नाही, आणि अखिल भारतीय यादीत तेवढे गुण पुरले नाहीत. त्याच्या वडिलांनी आमच्यासमोर कागद पसरले तेव्हा आमच्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते. त्यांस दोन वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर एका वाक्याचे काम होते. शिकवणीस कोठेही जा. शाळेचे नाव कोणत्या राज्यात घालता ते आधी पाहा, आणि ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

चौथी गोष्ट वयाची: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पुरी झाली पाहिजेत. लवकर शाळेत घालून वर्ष वाचविलेल्या मुलांचे ते वर्ष येथे परत द्यावे लागते.

परदेशी जाऊन एमबीबीएस करण्याचा विचारही आता मध्यम स्थितीच्या घरांत होऊ लागला आहे. तेथे आपला मूळ प्रश्न पुन्हा निराळ्या रूपाने उभा राहतो. फिलिपाइन्ससारख्या देशात अमेरिकेप्रमाणे आधी विज्ञानाचा पूर्वअभ्यासक्रम व मग वैद्यकाची वर्षे अशी रचना आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे, परदेशी पदवी घेऊन येथे व्यवसाय करावयाचा असेल तर इंग्रजी माध्यमातून किमान ५४ महिन्यांचे वैद्यकीय शिक्षण एकाच संस्थेत झालेले हवे, त्यानंतर तेथे १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि परत आल्यावर येथील परीक्षा व पुन्हा इंटर्नशिप आहेच. पूर्वअभ्यासक्रमाचे महिने ह्या ५४ महिन्यांत धरले जात नाहीत. परदेशी जाण्यापूर्वीही नीट उत्तीर्ण असावे लागते. एजंट लोक एकूण वर्षांचा आकडा सांगतात. त्यातली वैद्यकाची वर्षे किती, हे पालकांनी विचारावे.

ह्या साऱ्या नियमांपलीकडे, शाळेत शिकलेले प्रत्यक्ष वैद्यकाच्या पहिल्या वर्षात कसे जमा होते ते सांगितल्यावाचून आमच्याच्याने राहवत नाही, कारण ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत नाही. रक्तवाहिनीतून रक्त कसे वाहते हा प्रश्न घ्या. प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बारीक नळ्यांतून द्रव सोडून पाहिला व असे ठरविले की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे बाकी सारे तेच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. ज्यास घात म्हणजे काय हे मनापासून कळले आहे, त्यास धमनी थोडीशी अरुंद झाल्याने एवढा अनर्थ का होतो हे एका क्षणात कळेल. ज्याने गणित नावडते म्हणून टाकले, तो ते वाक्य पाठ करील. गणित नियमाने लागत नसले तरी ते घ्यावे, निदान अकरावीपुरते तरी मनापासून शिकावे, असे जे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी. एकच पथ्य: ज्यास तीन विषयांचा भारच झेपत नाही त्याच्यावर चौथा लादू नये.

रसायनाचेही तसेच. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ ह्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. तो तसा राखणारे बायकार्बोनेटचे द्रावण बारावीच्या आयनिक संतुलनाच्या पाठातील बफरच होय. चष्म्याचे भिंग हे प्रकाशशास्त्राच्या धड्यातले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्या मुलांस धमनी, शीर, चेतापेशी, वृक्क हे शब्द अर्थासकट ठाऊक असतात. वैद्यकीय महाविद्यालयात सारे इंग्रजीतून चालते आणि पहिले काही महिने लॅटिन व ग्रीक नावांनी जीव दडपून जातो. परंतु अर्थ आधी कळलेला असला की नवे नाव त्यावर बसते. अकरावीपासून दोन्ही नावांची एक वही ठेवावी.

प्रयोगशाळेविषयी मात्र आम्हांस खेद वाटतो. प्रत्येक विज्ञान विषयात ७० गुण लेखी व ३० प्रात्यक्षिकाचे. हे ३० गुण बहुतेकांस सढळ हाताने मिळतात, म्हणून प्रात्यक्षिकाची वही एकमेकांची उतरून काढण्याची चाल पडली आहे, आणि शिकवणीवर्गाशी संधान बांधलेल्या काही ठिकाणी तर मुले प्रयोगशाळेत वर्षातून चार दिवसही जात नाहीत. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडताना रंग पालटण्याची वाट पाहणे, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी आधी दिसत नाही, मग अंधुक दिसते, मग स्पष्ट होते, तोवर धीर धरणे, हे ज्याच्या हाताने केले नाही त्यास पहिल्या वर्षी काचपट्टीवरील ऊतक ओळखताना फार त्रास पडतो. आमच्या शाळेतून वैद्यकीय महाविद्यालयात गेलेली मुले सुटीत भेटावयास येतात तेव्हा हेच सांगतात.

आपल्या परिसरापुरते सांगावयाचे तर धायरी गाव २०१७ मध्ये महानगरपालिकेत आले. त्याच्या दहा वर्षे आधी, २००७ मध्ये, शेजारच्या नऱ्ह्यास वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते. शहरात ससून रुग्णालयाजवळचे भैरामजी जीजीभॉय महाविद्यालय आहे, सैन्यदलाचे वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे, आणि महानगरपालिकेनेही अलीकडे आपले महाविद्यालय काढले आहे. पुण्याच्या मुलास वैद्यकीय महाविद्यालय पाहावयास दूर जावयास नको. नीटचे गुण पुरले नाहीत तर आयुर्वेद, होमिओपॅथी व दंतवैद्यक हेही त्याच परीक्षेच्या गुणांवर आहेत, आणि औषधनिर्माणशास्त्रासाठी राज्याची सीईटी निराळी आहे. तिचा अर्ज बारावीतच भरून ठेवावा.

कागदांची तयारी अकरावीच्या मे महिन्यात करावी: दहावीची गुणपत्रिका, जन्माचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र, आणि आरक्षित वर्गातील असल्यास जातीचे प्रमाणपत्र, त्याची वैधता व लागू असेल तेथे नॉन-क्रीमी लेअरचा दाखला. जात वैधतेस फार काळ लागतो. निकालानंतरच्या पंधरवड्यात तहसील कचेरीपुढे जी रांग लागते, तीत उभे असलेले आमचे पालक आम्ही दर वर्षी पाहतो.

ते गृहस्थ पुढे एकदा मुलीस घेऊन आमच्या घरी आले. वरील सारे आम्ही त्यांस समजावून सांगितले. त्यांनी वर्ष वाचविण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. मुलीने मात्र एकच प्रश्न विचारला: जीवशास्त्राबरोबर गणित घेतले आणि पहिल्या चाचणीत कमी गुण पडले, तर ते गुण कोठे धरतील का? आम्ही म्हणालो, कोठेच धरणार नाहीत. तिने दोन्ही विषय घेतले आहेत. तिचा गणिताचा तास सकाळी सव्वासातला असतो, आणि चुलत बहिणीने न्यू जर्सीहून पाठविलेले एपीचे जाडजूड जीवशास्त्राचे पुस्तक ती चित्रे पाहण्यासाठी वापरते.